पाचट कुट्टी यंत्राचं प्रकरण: उद्यमबागेतल्या एका कारखान्याचं पहिलं स्वतःचं उत्पादन

(कारखान्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे कारखान्याच्या नोंदींवरून, ढोबळ करून घेतले आहेत.)

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत चाळीसेक कामगारांचं एक मशीन शॉप. दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी (तसंच मिलिंगचं यंत्र), बाकी जुनी यंत्रं आणि मागच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन. काम सगळं जॉबवर्कचं: व्हॉल्व्हच्या बॉड्या, हायड्रॉलिक सिलिंडरचे भाग, कुणाकुणाचे ब्रॅकेट. कास्टिंग आसपासच्या फाउंड्र्यांमधून यायचं आणि ड्रॉइंग गिऱ्हाइकाकडून. निम्म्याहून जास्त काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचं होतं. त्याने स्वतःची मशीनिंग लाइन टाकायला घेतली, तेव्हा मालकांनी ठरवलं की आता आपलं स्वतःचं उत्पादन हवं.

निवड झाली ट्रॅक्टरवर चालणाऱ्या पाचट कुट्टी यंत्राची, म्हणजे तोडणीनंतर राहिलेली उसाची वाळलेली पानं बारीक करणाऱ्या यंत्राची. कारण समोरच होतं. अथणी, कागवाड, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी हा सगळा ऊसपट्टा, आणि पलीकडे शिरोळ-कागलपर्यंत तेच पीक. तोडणी झाली की एकरी तीन-चार टन पाचट रानात राहतं. खोडवा (बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) राखायचा असेल तर पंधरा दिवसांत बुडखे छाटून, खत घालून पाणी द्यावं लागतं, म्हणून घाईत काडी लावली जाते. पाचट बारीक करून सरीत कुजवलं तर जमिनीला उपयोग होतो. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक ही शिफारस बहुतेक शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. अडतं ते बारीक कोण आणि कशाने करणार यावर. बाजारात उत्तरेकडून येणारे मल्चर (पिकाचे अवशेष बारीक करणारी यंत्रं) होते, पण त्यांची घडण भाताचा पेंढा आणि कापसाच्या पऱ्हाट्यांसाठी झालेली.

गरज खरी होती आणि कारखान्याला लोखंडातलं काम येत होतं. तरीही पहिलं यंत्र फसलं.

पहिला हंगाम: काय बनवलं आणि काय झालं

मालकांनी दोन विक्रेत्यांना विचारलं. दोघांनी सांगितलं, "सहा फुटी करा, मोठं यंत्र लोकांना आवडतं." त्यावरून सहा फुटी यंत्राचं ड्रॉइंग झालं. गिअरबॉक्स स्वतः ओतून घ्यायचा हा मालकांचा आग्रह होता. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) बनला आणि एसजी आयर्नचं (चिवट ओतीव लोखंडाचं) कास्टिंग आलं. पहिल्या खेपेत बेअरिंगच्या बॉसमध्ये (बेअरिंग बसण्याच्या जाड भागात) सच्छिद्रता निघाली, म्हणून रायझरची (साच्यात जादा धातू पुरवणाऱ्या पोकळीची) जागा बदलून पुन्हा ओतावं लागलं. बेव्हल गिअरच्या जोड्या हार्डनिंगमध्ये वाकल्या, त्या लॅप करून (एकमेकींवर घासून) जुळवाव्या लागल्या. या गिअरबॉक्सवर सात लाख गेले. जिग-फिक्स्चर, रोटर (पाती बसवलेला फिरता ड्रम) आणि बॅलन्सिंगवर पाच, दोन यंत्रांच्या मालावर चार, प्रात्यक्षिकं-वाहतूक-किरकोळ मिळून तीन. एकूण एकोणीस लाख, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा अशा भागावर जो बाजारात तयार मिळतो.

गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. चाचणीला लागणारं ताजं पाचट तेवढ्याच काळात मिळतं. गिअरबॉक्सच्या घोळामुळे यंत्र रानात उतरायला जानेवारीचा शेवट उजाडला. एकूण सव्वीस एकर काम झालं आणि तीन प्रकारचे बिघाड आले.

पहिला, गुंडाळणी. उसाचं वाळलेलं पान मीटर-सव्वामीटर लांब आणि चिवट. रोटरचं टोक आणि बाजूची प्लेट यांच्यामध्ये चौदा मिलिमीटरची फट होती, त्यात पाचट शिरून शाफ्टला दोरीसारखं आवळत जायचं. आवळलेलं पाचट ऑइल सील कापतं, ग्रीस बाहेर पडतं, धूळ आत जाते आणि बेअरिंग तापतं. एकरात तीन-चार वेळा ट्रॅक्टर थांबवून, यंत्र उचलून, विळ्याने पाचट कापून काढावं लागे. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं जात. दोन बेअरिंग जाम झाली.

दुसरा, वेग. पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेरे, गिअरबॉक्समध्ये दुप्पट, पट्ट्याच्या पुल्यांमध्ये २८० मिमीवरून १६० मिमीवर. म्हणजे रोटर सुमारे १८९० फेरे. पात्यांच्या टोकांचा व्यास ५०० मिमी, तेव्हा टोकाचा वेग सेकंदाला साधारण ४९ मीटर. कागदावर हे बरोबर होतं. पण इथले बहुतेक ट्रॅक्टर ३५ ते ४५ एचपीचे. सहा फुटी यंत्र दाट पाचटात गेलं की इंजिन दबायचं, पीटीओ ४३० वर यायचा आणि टोकाचा वेग ३९ वर. त्या वेगाला पाचट तुटत नाही, पात्याबरोबर फिरतं. म्हणजे गुंडाळणीचं अर्धं मूळ इथे होतं.

तिसरा, जमिनीचा आकार. इथला ऊस भरणी केल्यामुळे वरंब्यावर उभा असतो आणि पाचट सरीत साचतं. चार फुटी सरीच्या रानात सहा फुटी यंत्र दीड ओळीवर बसतं. एक बाजू वरंब्यावर, दुसरी सरीवर अधांतरी. एका बाजूला बुडखे फाटत होते आणि दुसऱ्या बाजूला पाचट जसंच्या तसं राहत होतं.

कागवाडकडचा एक ट्रॅक्टरवाला प्रात्यक्षिकानंतर म्हणाला, "मशीन भारी हाय ओ अण्णा, पर दर अर्ध्या तासाला खाली उतरून पाचट काढायचं म्हटल्यावर ड्रायव्हर टिकतोय व्हय?" ही तक्रार विक्रेत्यामार्फत कारखान्यात पोहोचली ती "किरकोळ अडचणी आहेत, बाकी उत्तम" अशा रूपात.

खरी अडचण

वरचे तिन्ही बिघाड यांत्रिक दिसतात, पण त्यांच्या मागे दोन चुका होत्या. त्या लक्षात यायला उन्हाळा उजाडला.

एक म्हणजे गिऱ्हाईक कोण हेच ठरलं नव्हतं. यंत्र शेतकऱ्यासाठी म्हणून बनवलं, पण दोन-तीन एकरांचा शेतकरी ते विकत घेत नाही. घेतो तो एकरी भाड्याने फिरणारा ट्रॅक्टरवाला. शेतकरी फुटवा आणि पाचटाची बारीकी बघतो. ट्रॅक्टरवाला दिवसात किती एकर, एकराला किती डिझेल आणि किती वेळा थांबावं लागलं ते बघतो. शेतकऱ्याचं समाधान लागतंच, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. पण पैसे मोजताना हिशोब ट्रॅक्टरवाल्याचा चालतो.

नव्या उत्पादनांवरच्या अभ्यासांमध्ये हा मुद्दा पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा येतो आहे. ससेक्स विद्यापीठाच्या सॅफो प्रकल्पाने १९७० च्या दशकात यशस्वी आणि फसलेल्या नवनिर्मितीच्या ४३ जोड्या समोरासमोर ठेवल्या. सर्वांत ठळक फरक होता तो वापरणाऱ्याची गरज समजण्यातला. यशस्वी ठरलेल्यांनी विकासाचं काम अधिक नीट केलेलं होतं, अधिक झटपट केलेलं होतंच असं नाही. कॅनडात रॉबर्ट कूपर यांनी १९७९ मध्ये १९५ उत्पादनं तपासली, १०२ यशस्वी आणि ९३ फसलेली. त्यात वापरणाऱ्याला वेगळा आणि सरस फायदा देणारं उत्पादन हा घटक सर्वांत वर आला. त्यांच्या पुढच्या कामात त्यांनी लावून धरलेली गोष्ट अशी की विकासावर मोठा पैसा घालण्याआधीच उत्पादनाची व्याख्या कागदावर पक्की हवी: कुणासाठी, काय फायदा, कोणत्या मर्यादेत, किती किमतीला. उद्यमबागेतल्या या कारखान्यात पॅटर्नची ऑर्डर गेली तेव्हा असा कागद नव्हता. "सहा फुटी, मजबूत" एवढीच व्याख्या.

दुसरी चूक जास्त अवघड. मालक हेच डिझाइन ठरवणारे, पैसे घालणारे, आणि यंत्र चाललं की नाही याचा निकाल देणारेही. पहिल्या हंगामाच्या शेवटी त्यांचं मत होतं: "यंत्र चांगलं आहे, सील बदलू, झालं." मोठ्या कंपनीत टप्प्याटप्प्यावर प्रकल्प अडवणारी समिती असते. छोट्या कारखान्यात ती समिती म्हणजे चहा पिताना मालक एकटेच. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता: आधीची गुंतवणूक ज्यांनी स्वतः ठरवली होती आणि जी तोट्यात गेली होती, त्यांनीच पुढच्या फेरीत तिच्यावर सर्वांत जास्त पैसा लावला. बुडीत खात्यात आणखी पैसा ओतण्याची ही खोड हुशारीने जात नाही, उलट हुशार माणसाला कारणं जास्त सुचतात.

समोर असलेले पर्याय

मे महिन्यात मालक, इंजिनिअर पुतण्या, फोरमन आणि हिशोबनीस बसले. चार पर्याय मांडले गेले.

पहिला: तेच सहा फुटी यंत्र, पण भारी बेअरिंग, चांगलं सील, ५५ एचपीच्या ट्रॅक्टरसाठी विकायचं. खर्च तीन-साडेतीन लाख. मालकांचा कल इकडे. अडचण अशी की या पट्ट्यात भाड्याने फिरणारे ५५ एचपीचे ट्रॅक्टर मोजकेच, आणि वरंब्याचा प्रश्न तसाच राहणार.

दुसरा: यंत्र नव्याने आखायचं. अरुंद, चार-साडेचार फुटी सरीसाठीच, ४२ एचपीला पेलणारं. सात लाख आणि आणखी एक पूर्ण हंगाम.

तिसरा: पूर्ण यंत्राचा नाद सोडून चालू मल्चरना लागणारी पाती, बुशिंग आणि दुरुस्तीचे सुटे भाग बनवायचे. कारखान्याच्या हातखंड्याचं काम, जोखीम कमी, पण नाव होत नाही.

चौथा: थांबायचं आणि दुसरं जॉबवर्क शोधायचं.

पुतण्या दुसऱ्याच्या बाजूने, हिशोबनीस चौथ्याच्या. फोरमन गप्प होता. त्याला थेट विचारल्यावर त्याने सांगितलं की रानातून परत आलेल्या पहिल्याच यंत्राचं शाफ्टचं टोक तापून निळं पडलेलं त्याने पाहिलं होतं. त्याने ते स्टोअरमध्ये सांगितलं, तिथून नवं सील निघालं, आणि विषय तिथेच संपला. शोना ब्राउन आणि कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९९५ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचे तीन प्रवाह वेगळे करून दाखवले: नीट आखणी, संघातला आणि संघाबाहेरचा संवाद, आणि शिस्तीने प्रश्न सोडवणं. या कारखान्यात आखणीची चर्चा होत असे. माहिती मात्र स्टोअरच्या खिडकीवर अडत होती.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. झालं ते एवढंच: पुतण्या आणि फोरमन यांनी पंधरा दिवस ट्रॅक्टरवाल्यांना भेटायचं, विक्रेत्याला बरोबर न घेता.

कागवाडचा पाइप

या भेटींमध्ये अकरा जण भेटले. सात जणांकडे उत्तरेकडचे मल्चर होते. त्यातल्या एकाच्या यंत्राशी फोरमन अर्धा तास बसून राहिला. त्या ट्रॅक्टरवाल्याने गावातल्या वेल्डरकडून बाजूच्या प्लेटला आतून जाड पाइपचा पन्नास मिलिमीटर रुंदीचा तुकडा कड्यासारखा लावून घेतला होता. रोटरच्या ड्रमचं टोक त्या कड्याच्या आत शिरत होतं, त्यामुळे फट समोरून उघडी राहत नव्हती. कड्याच्या आतल्या बाजूला पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) तुकड्याची दोन पाती उभी जोडलेली, म्हणजे आत शिरलेलं पान ड्रमबरोबर फिरताना आपोआप कापलं जाई. काम ओबडधोबड, वेल्डचे थेंब तसेच. पण एका हंगामात त्याला गुंडाळणीसाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा थांबावं लागलं होतं.

एरिक फॉन हिप्पेल यांनी १९८६ मध्ये ज्यांना आघाडीचे वापरकर्ते म्हटलं ते हेच: ज्यांची गरज इतरांच्या आधी टोकाला जाते आणि सुटका करून घेण्यात ज्यांचा स्वतःचा मोठा फायदा असतो, म्हणून ते उत्पादकाची वाट न बघता स्वतःच जुगाड करतात. अशा माणसाला प्रश्नावली देऊन काही हाती लागत नाही. त्याचं यंत्र उलटं करून बघावं लागतं.

कारखान्याने त्या ट्रॅक्टरवाल्याला रोख मोबदला दिला आणि पुढच्या चाचणीत सामील करून घेतलं. हे लिहून, सही करून झालं. असं न करता कल्पना उचलली असती तर त्या पट्ट्यात दुसऱ्या कुणी दार उघडलं नसतं.

निर्णय: एका पानाचा कागद

जूनमध्ये दुसरा पर्याय ठरला, पण अटींसह. पुतण्याने एक पान लिहिलं आणि चौघांनी सह्या केल्या. मजकूर थोडक्यात असा:

- ४२ एचपीच्या ट्रॅक्टरवर भरल्या पाचटातही पीटीओ ५०० च्या खाली जाऊ नये.
- थांबण्याचा वेळ धरून एकर दीड तासात.
- गुंडाळणीसाठी थांबणं दोन एकरांत एकदाच.
- दहा बुडख्यांमागे फाटलेला एकाहून जास्त नको.
- ट्रॅक्टरवाल्याला पडणारी किंमत १ लाख ७५ हजारांच्या आत.

किमतीचा आकडा हवेतला नव्हता. ट्रॅक्टरवाल्यांनी दिलेला हिशोब: एकरी भाडं १८००, त्यातून डिझेल सात लिटर म्हणजे ६३० च्या आसपास, ड्रायव्हर २५०, पाती-ग्रीस १२०, हातात ८००. हंगामात ११० एकर धरले तर ८८ हजार. यंत्र दोन हंगामांत फिटलं पाहिजे हे सगळ्यांचं म्हणणं. १ लाख ७५ हजारांच्या वरचं यंत्र त्यांना मनापासून आवडलं तरी ते घेणार नाहीत.

पुढे नियम. किमान साठ एकर, तीन वेगळ्या जमिनींवर. खर्चाची मर्यादा सात लाख. दोन अटी हुकल्या तर पूर्ण यंत्र बंद आणि तिसरा पर्याय. एक हुकली तर ती सुटेपर्यंत उत्पादन नाही. निकाल मालक एकटे देणार नाहीत. पुतण्या, हिशोबनीस आणि चाचणीतले ट्रॅक्टरवाले आकडे मांडतील आणि कागद निकाल देईल.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. मालकांना सही करायला आठवडा लागला. "माझ्या पैशाला दुसरा कोण गेट लावणार?" असं ते म्हणाले, ते चूक नव्हतं. त्यांनी शेवटी मान्य केलं कारण अटी यंत्र रानात जायच्या आधी लिहिल्या जात होत्या. तेव्हा कुणाचा पराभव होत नव्हता. ट्रायल सुरू असताना हाच कागद पुढे केला असता तर तो फाडला गेला असता.

साडेतीन फुटी सरीची जुनी रानं या व्याख्येतून वगळली गेली. विक्रेते नाराज झाले. पण सगळ्या सरींना चालेल असं यंत्र करायला गेलं की ते कुठल्याच सरीत नीट चालत नाही, हे पहिल्या वर्षी पैसे मोजून कळलेलं होतं.

प्रकल्पाचा प्रमुख पुतण्या झाला, नावापुरता नव्हे. किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी १९९१ मध्ये वीस मोटार कंपन्यांचे २९ प्रकल्प तपासून दाखवलं होतं की बाजाराशी थेट बोलणारा आणि सगळ्या विभागांवर हुकमत चालवणारा प्रकल्पप्रमुख असला की काम वेगाने आणि एकसंध होतं. चाळीस माणसांच्या शॉपमध्ये त्याचा अर्थ इतकाच: व्हीएमसीवर जॉबवर्कचं काम चढलेलं असताना रोटरची प्लेट आधी लावायचा अधिकार त्याला हवा. तो मिळाला, आठवड्यातून दोन दिवसांपुरता.

केलेली कामं

रुंदी पाच फुटांवर आणली. चार फुटी सरीत ट्रॅक्टरची चाकं दोन सऱ्यांत आणि मधला वरंबा यंत्राच्या बरोबर मध्ये येतो. रोटरच्या मधली पाती चाळीस मिलिमीटरने आखूड आणि कडेची लांब ठेवली, म्हणजे पात्यांची रेषा वरंब्याच्या आकारावर बसते. बटाट्याचा पाला काढणाऱ्या यंत्रांमध्ये ही पद्धत जुनीच आहे. ताशी तीन किलोमीटर चाल, एका फेरीत चार फूट, वळणं-थांबे धरून ऐंशी टक्के कार्यक्षमता. एकराला साधारण एक तास पंचवीस मिनिटं असा अंदाज आला.

टोकाला कागवाडचं कडं, पण मशीन केलेलं. ड्रम आणि कड्यामध्ये तीन मिलिमीटरची फट, आत दोन स्थिर पाती, बेअरिंग प्लेटच्या बाहेर. फट तीनपेक्षा कमी केली तर वेल्डिंगच्या ताणाने प्लेट किंचित वाकली तरी ड्रम घासतो; पाचपेक्षा जास्त झाली की पान पुन्हा आत शिरतं. म्हणून वेल्डिंगनंतर प्लेट बोअर करायची, आधी नाही. हा क्रम बदलल्याने पहिली दोन कडी भंगारात गेली.

रोटर नव्वद किलोचा. शेती यंत्रांना चालणाऱ्या जी-१६ या बॅलन्सिंगच्या दर्जाला या वेगावर २०० मिमी त्रिज्येवर दोन्ही टोकं मिळून सुमारे ३६ ग्रॅमचा असमतोल चालतो. पात्यांच्या वजनात चाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणजे झिजलेलं एकच पातं बदललं, समोरचं तसंच ठेवलं, की रोटर मर्यादेबाहेर गेला आणि बोल्ट सैल व्हायला लागले. त्यामुळे पाती वजन करून जोडीने डब्यात भरायची आणि डब्यावर "समोरासमोरची दोन्ही बदला" असं मराठी-कन्नड दोन्हींत छापायचं ठरलं.

पीटीओ शाफ्टला शीअर बोल्ट (जादा ताण आला की स्वतः तुटून बाकीचे भाग वाचवणारा) ८.८ ग्रेडचा. ट्रॅक्टरवाले तो तुटला की हाताला येईल तो, बहुधा त्याहून मजबूत १०.९ चा बोल्ट घालतात, मग दगड लागला की बोल्टऐवजी गिअरचा दात जातो. उपाय साधा: प्रत्येक यंत्राच्या टूलबॉक्समध्ये दहा बोल्ट फुकट. बांधावर वळताना पीटीओ चालू ठेवून यंत्र उचलण्याची सवय मात्र सुटली नाही. तीन क्रॉस (पीटीओ शाफ्टच्या सांध्यातले भाग) त्यापायी गेले. शेवटी उचलण्याची उंची साखळीने मर्यादित केली.

चाचणीची पद्धतही बदलली. एक परिपूर्ण यंत्र करण्याऐवजी तीन साधी यंत्रं नोव्हेंबरातच रानात सोडली: एक कागवाडच्या काळ्या रानात, एक संकेश्वरजवळच्या मध्यम जमिनीत, एक निपाणीकडे वेदगंगेच्या मळीत (नदीकाठच्या गाळाच्या रानात). दर शनिवारी आकडे यायचे, रविवारी शेडमध्ये बदल. आयझेनहार्ट आणि बेहनाम तब्रिझी यांचा १९९५ चा संगणक उद्योगातल्या ७२ प्रकल्पांचा अभ्यास इथे लागू पडतो: बाजार आणि तंत्र अनिश्चित असेल तिथे जास्त फेऱ्या, जास्त चाचण्या, जवळजवळचे टप्पे आणि ताकदीचा प्रमुख यांनीच वेग येतो, नुसत्या बारीक नियोजनाने येत नाही. उसाच्या पट्ट्यात त्याला हंगामाची जोड आहे. मार्च गेला की पुढची फेरी आठ महिन्यांनी.

परिणाम

७१ एकर झाले. वाफशावर (ओल बेताची असताना) एकराला सरासरी एक तास पंचवीस मिनिटं. मळीच्या ओल्या रानात मात्र दोन तास. गुंडाळणीसाठी थांबणं तीन एकरांत एकदा. मागच्या रोलरची उंची बदलल्यावर बुडखेही मर्यादेत आले. पीटीओ ५०० च्या वर राहिला. चार अटी पार, पाचवी हुकली: यंत्राचा कारखान्यातला खर्च १ लाख ४४ हजार, गिऱ्हाइकाला १ लाख ८८ हजार.

मालक म्हणाले, "तेरा हजारांसाठी अडायचं? अनुदान आलं की निघून जाईल." कागद टेबलावर ठेवला गेला. उत्पादन थांबलं, आणि खर्चाच्या यादीत पहिलं नाव निघालं गिअरबॉक्सचं. स्वतःचा ३८ हजारांना पडत होता, बाहेरचा तयार २४ हजारांना. कमी संख्येत वाया जाणारं कास्टिंग, दहा-दहा जोड्यांची हार्डनिंग बॅच आणि जोडीने लॅपिंग हे परवडणारं नव्हतंच. "पेटीवर दुसऱ्याचं नाव आणि पत्र्यावर आपलं, असलं यंत्र कशाला करायचं, काका असं म्हणणार हे माहीत होतं," असं पुतण्याने नंतर सांगितलं. मालक तसंच म्हणाले, आणि तीन आठवड्यांनी बाहेरचा गिअरबॉक्स मान्य केला. किंमत १ लाख ७० हजारांवर आली.

तिसऱ्या हंगामात चौदा यंत्रं विकली गेली. अपेक्षा चाळीसची होती. मुख्य कारण अनुदान. अनुदानाच्या यादीत जायला अधिकृत केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. त्यासाठीचा अर्ज यंत्र पक्कं झाल्यावर गेला, आणि अहवाल हंगाम सरल्यावर हातात आला. शिवाय सीमेच्या दोन बाजूंना दोन राज्यांच्या वेगळ्या प्रक्रिया: कर्नाटकातली नोंदणी कागल-शिरोळच्या गिऱ्हाइकाच्या कामाची नाही, त्याला महाडीबीटीचा (महाराष्ट्र सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलचा) मार्ग धरावा लागतो. पंधरा-वीस किलोमीटरवरचं गिऱ्हाईक कागदोपत्री दुसऱ्या बाजारातलं.

अनपेक्षित गोष्ट वेगळीच घडली. कड्याचं किट आणि वजन जुळवलेल्या पात्यांचे डबे इतर कंपन्यांच्या मल्चरसाठी मागितले जाऊ लागले. त्यात नफ्याचं प्रमाण पूर्ण यंत्रापेक्षा जास्त, आणि उधारी कमी. बाजूला ठेवलेला तिसरा पर्याय असा मागच्या दाराने आत आला. कारखान्याचं सत्तर टक्के काम आजही जॉबवर्कच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पॅटर्नची ऑर्डर देण्याआधी एक जुना मल्चर हंगामभर भाड्याने घेऊन इथल्या रानात चालवायला हवा होता. दीड-दोन लाखांत गुंडाळणी, पीटीओची घसरण आणि वरंब्याचा प्रश्न, तिन्ही समोर आले असते. त्यासाठी एकोणीस लाख लागले नसते.

गिअरबॉक्स पहिल्या दिवसापासून बाहेरचा घ्यायचा. स्वतःचा करायचाच असेल तर वर्षाला शंभर यंत्रं खपायला लागल्यावर. वापरणाऱ्याला जो भाग दिसत नाही आणि ज्यात आपण सरस नाही, त्यावर पहिला पैसा घालण्यात अर्थ नव्हता.

चाचणी केंद्राची नोंदणी आणि विकासाचं काम समांतर चालवता आलं असतं का? अंशतः. अहवाल ज्या यंत्राचा, तेच यंत्र विकावं लागतं; रुंदी, गिअरबॉक्स, रोटर नंतर बदलता येत नाही. पण गिअरबॉक्सचा निर्णय जानेवारीत घेतला असता तर फेब्रुवारीत यंत्र पाठवता आलं असतं. आकडे जानेवारीतच किमतीचं संकट दाखवत होते. किमतीची अट शेवटी तपासायची असं ठरलेलं असल्याने कुणी ते वेळेवर उघडलं नाही. खरं तर ती सर्वांत आधी तपासता येणारी अट. तिला रान लागत नाही, हिशोबनीस लागतो.

एका पानाच्या कागदातही एक भोक राहिलं. ओल्या मळीतल्या दोन तासांचं काय, हे त्यात नव्हतं. सरासरीने ते झाकलं. निपाणीकडे विकलेल्या चार यंत्रांपैकी दोनांच्या तक्रारी त्याच कारणाच्या आहेत. पुढच्या हंगामासाठी अट जमिनीनुसार वेगळी लिहिली आहे, आणि मळीच्या रानासाठी यंत्र विकायचं की नाही यावर मालक आणि पुतण्या यांचं अजून एकमत नाही. डिसेंबरअखेर मळीतले पंचवीस एकर पूर्ण झाल्यावर त्याचा निकाल लागायचा आहे.